मागची सीट

हेल्मेटचा पट्टा काही केल्या सुटेना. छायाने हनुवटीखाली बोटं नेली, चाचपलं, पुन्हा हात खाली आणले आणि वणीच्या त्या चहाच्या टपरीसमोर ती हेल्मेटसकट नुसती उभी राहिली. सहादूला आधी वाटलं, ती डोंगराकडे बघते आहे. मग तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटं आकड्यासारखी आत वळली होती.

"सरळच होईना," ती म्हणाली.

त्याने पट्टा सोडवला, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि तिचं एकेक बोट धरून चोळायला लागला. भर रस्त्यात बायकोचे हात हातात घ्यायची त्याला सवय नव्हती. टपरीवाला बघतो आहे हे जाणवून तो बोटांपेक्षा गाडीकडेच जास्त बघत राहिला. सापुताऱ्याहून येताना गाडीवर धूळ बसली होती, तरी नवेपण लपत नव्हतं. पाठ दुखते का, त्याने विचारलं. नाही. कंबर? नाही. सीट टोचते का? तर सीट चांगलीच आहे, घरच्या सोफ्यापेक्षा बरी, असं ती म्हणाली. चहाचा कप तिने दोन्ही तळहातांत धरून, लहान मुलं धरतात तसा प्यायला.

मागे बसलेल्या माणसाची कंबर दुखावी, मांड्या अवघडाव्यात, हे सहादूला समजण्यासारखं होतं. बोटं कशी दुखतील? बोटांना काम काय होतं?

सहादू विधाते एसटीत ड्रायव्हर होता. उभी हयात नाशिक-नंदुरबार रस्त्यावर गेली. घाटात कधी कधी मोटारसायकलवाल्यांची टोळकी त्याच्या गाडीला ओलांडून जायची. अंगात जाडजूड जाकिटं, गाडीला दोन्ही बाजूंनी पेट्या. पुढच्या वळणावर तीच पोरं कठड्यावर बसून दरी बघताना दिसायची. सहादूला थांबा नसेल तिथे थांबता येत नसे. मागे पन्नास माणसं, आणि घंटीची दोरी बहिरू कंडक्टरच्या हातात. कित्येक वळणं अशी होती की ती रोज दिसली, पण त्याने पाहिली कधीच नाहीत.

म्हणून निवृत्त झाल्यावर मखमलाबादच्या घरावर मजला चढवायचा सोडून त्याने टूरिंगची मोटारसायकल घेतली. भाऊबंद तोंडावर हसले नाहीत, एवढंच. मुलगी निकिता फोनवर म्हणाली, नाना, हेल्मेट मात्र चांगलं घ्या. गाडी घेताना छायाची जुनी राखाडी स्कूटर शोरूमने बदल्यात घेतली. त्याच स्कूटरवर तिने सकाळी शेवंती-झेंडूचे क्रेट बांधून फुलबाजारात नेले होते, निकिताला शाळेत सोडलं होतं, सासूला दवाखान्यात नेलं होतं. सहादू तेव्हा बहुतेक कुठल्या तरी गावी मुक्कामाच्या गाडीवर असायचा. आता तो घरीच होता. फुलांचं रान पुतण्या राज बघणार होता. "लय झाली तुझी धावपळ," त्याने तिला सांगितलं होतं. "आता नुसतं मागं बसायचं आन फिरायचं." ती बरं म्हणाली होती. शोरूमवाल्याने स्कूटर आत नेताना तिने डिकीतलं फडकं तेवढं काढून घेतलं.

गाडी सहादूच्या अंगाला प्रथम बसलीच नाही. परातीएवढं स्टिअरिंग पोटाशी घेऊन ताठ बसण्याची त्याच्या अंगाला सवय. इथे हात लांब जायचे, मनगटांना मुंग्या यायच्या. आणि वारा! जन्मभर काचेमागे बसलेला माणूस. वारा छातीवर आला की कोणीतरी पुढे उभं राहून ढकलतं आहे असं त्याला वाटायचं. द्वारकेच्या मागच्या गल्लीत मनोज नावाचा एक जण गाड्यांच्या सीटा शिवून द्यायचा आणि असली बारीकसारीक कामंही करायचा. त्याने हँडल उंच करून जवळ घेतलं, पुढची काच मोठी लावली, सीटमधला फोम काढून दुसरा भरला. "काका, तुम्ही मोटारसायकलची बस करून राहिले," तो म्हणाला. पण काम चोख झालं. सहादूचं दुखणं थांबलं.

छायाचं मात्र थांबेना.

वणीहून आल्यावर त्याने तिच्यासाठी काय काय करून घेतलं याची मोजदाद राहिली नाही. मागे टेकायला पाठ बसवली. बाजूच्या लोखंडी कड्या, ज्या ती धरून बसायची, त्यांना मऊ रबर गुंडाळलं. मग वाटलं, पाय उंच राहतात म्हणून भार हातांवर येत असेल. तेव्हा पायठेवणी खाली घेतली. निकिताने हातमोजे आणून दिले. प्रत्येक वेळी छाया बसून बघायची, बरंय म्हणायची आणि खरंच बरं असायचं. मग कुठे पेठला, कुठे सिन्नरला जाऊन आले की उतरल्यावर तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता यायचं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. बोटं मागेपुढे वाकवून पाहिली. हाडांचं काही नाही म्हणाले. शिवणकाम करता का, विणकाम करता का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. मग बोटांना एवढे श्रम कशाचे पडतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा छायाने सहादूकडे पाहिलं आणि सहादूने डॉक्टरांकडे. बहिरू कंडक्टरला विचारलं तर त्याने वाताचं निदान केलं आणि एरंडेल सांगितलं. वर सहादूची समजूतही काढली. "तुझ्या चालवण्यात खोट नाय. तुझ्या गाडीत लोकं झोपायची. मी उठवून उठवून उतरवायचो त्यांला."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच सहादूचा गोंधळ वाढला. अनोळखी माणसं ज्याच्या भरवशावर घाटात माना टाकून झोपायची, त्याच्या मागे बसून घरच्या बाईची बोटं का आखडावीत?

तिला काही सांगायचं असेल आणि वाऱ्यात ऐकू येत नसेल, असंही त्याच्या मनात आलं. निकिताने दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलण्याची यंत्रं बसवून दिली. ती लावून दोघं भंडारदऱ्याला निघाले. सहादूला आधी फार मजा वाटली. बायको कानातच बोलत होती. तो तिला दाखवत राहिला, हे बघ धरण, तो बघ कळसूबाई, इथं आमची गाडी एकदा पंक्चर झाली होती. ती हं म्हणायची. पण त्या हंमध्ये मधूनच एक दुसरा आवाज येऊ लागला. दातांमधून श्वास आत ओढल्याचा. पुढे ट्रक आला की यायचा. वळणावर यायचा. गुरं आडवी आली की यायचा. मोकळ्या सरळ रस्त्यावर नाही.

"काय झालं?" तो विचारायचा.

"काय नाय."

त्याने वेग कमी केला. इतका कमी, की उसाचा ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून गेला. तरी समोर एसटी थांबलेली दिसताच तो आवाज आलाच. शेवटी एका झाडाखाली गाडी उभी करून त्याने तिला सरळ विचारलं, भीती वाटते का. छायाला त्या प्रश्नाचा रागच आला.

"भ्याव कशाचं? तुम्ही काय नवशिके हाय का?"

ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा त्याला तेवढा कळत होता. मग ते काय होतं? भंडारदऱ्याचं पाणी दोघांनी पाहिलं, कठड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. जे आयुष्यभर राहून गेलं असं त्याला वाटायचं, ते हेच होतं. पण शेंगा तो सोलून देत होता, कारण तिला सोलता येत नव्हत्या. आणि आपण इथे कशाला आलो आहोत हेच त्याला नीट आठवेना.

मनोजकडे तो पुन्हा गेला, तेव्हा मनोजनेही हात टेकले होते. मागची सीट त्याने तिसऱ्यांदा उसवून शिवली होती. या वेळी आत लिबलिबीत जेलची गादी घातली होती. त्याने सीट बसवली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाला, "काका, काकूंना विचारून काय कळत नाय. त्या चांगलंच म्हणतात. तुम्ही बसा मागं. मी फिरवून आणतो. कुठं टोचतं ते तुम्हीच सांगा."

सहादूला हे विचित्र वाटलं. कोणाच्या मागे तो शेवटचा केव्हा बसला होता? एसटीने पासावर जायची वेळ आली तरी तो केबिनमध्येच बसायचा, ड्रायव्हरशी बोलत, रस्ता बघत. पण दुसरं काही सुचत नव्हतं. तो मागे बसला. पाठ टेकली. मनोजने गाडी गल्लीतून काढली आणि द्वारकेच्या चौकात घातली.

चौक नेहमीसारखाच तुंबला होता. रिक्षा, हातगाड्या, पुलाखालून वळणारे ट्रक, कांद्याचे पिकअप. मनोज वाईट चालवत नव्हता. पण एक रिक्षा समोर आडवी यायला लागली, सहादूला ती दिसली, आता ब्रेक दाबायला हवा असं त्याला वाटलं, आणि मनोजने दाबला नाही. थोडं पुढे जाऊन दाबला. गाडी थांबली, काही झालं नाही. मग सिटी बस. मग एक पोरगी मोबाइलवर बोलत मधूनच रस्ता ओलांडायला लागली. प्रत्येक वेळी जिथे दाबायचा त्याच्या जरा पुढे. सहादूला समोरचं नीट दिसतही नव्हतं. मनोजचं हेल्मेट मध्ये यायचं. तो एका बाजूने मान काढून बघायचा, मग दुसऱ्या बाजूने. मुंबई नाक्याच्या बाजूला जाऊन ते वळले आणि परत आले.

"बोला, कशी हाय सीट?" दुकानापुढे गाडी लावत मनोजने विचारलं.

सहादूला उतरता येईना. उजव्या पोटरीत गोळा आला होता. मनोजने दंडाला धरून त्याला उतरवलं, स्टुलावर बसवलं. सीट कशी आहे, हे सहादूला सांगता आलं नाही. तो सीटवर बसला होता हेच त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. पँट वर करून तो पोटरी चोळत बसला आणि हा पाय असा कशाने भरून आला याचा विचार करत राहिला. उजवाच का? डाव्याला काही नाही, उजवाच. चोळता चोळता त्याचा तळपाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. त्याने पायाकडे पाहिलं. पुन्हा दाबून पाहिला.

द्वारकेपासून मुंबई नाक्यापर्यंत आणि तिथून परत, तो ब्रेक दाबत आला होता. नसलेला.

मनोज काहीतरी विचारत होता. सहादूचा हात पोटरीवरच थांबला होता. छायाच्या स्कूटरसारख्या गाडीला ब्रेक पायात नसतो. दोन्ही हातांत असतो.

घरी आला तेव्हा छाया ओट्यावर बसून गवार मोडत होती. ओट्यावर ऊन आलं होतं. तो तिच्यापुढे खाली बसला, जे तो सहसा करत नसे, त्यामुळे तिने मान वर केली. मनोजने मागे बसवून फिरवून आणल्याचं त्याने सांगितलं. पाय कसा आखडला ते सांगितलं. ती हसली. मग त्याने विचारलं.

"छाया, तू मागं बसून ब्रेक दाबते का?"

तिने हातातली गवार ताटात ठेवली. मग दोन्ही हात जरा पुढे घेऊन, हवेतच, तिने बोटं मिटली, उघडली. पुन्हा मिटली. दुसऱ्या कोणाचे तरी हात बघावेत तसं ती आपल्या हातांकडे बघत होती.

"दाबत असंन," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी धरून बसलीये."

"मी बेकार चालवतो का?"

"चांगलंच चालवता. पण मी जिथं दाबला असता तिथं तुम्ही नाय दाबत. जरा पुढं जाऊन दाबता. तेवढं अंतर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि पुन्हा गवार हातात घेतली.

"मग इतके दिवस बोलली का नाय?"

"मलाच कुठं ठाव व्हतं."

सहादूला वाटलं होतं, कारण सापडलं की इलाज सापडेल. बसचं तसं असायचं. आवाज कुठून येतो ते एकदा कळलं की मेकॅनिक पाना लावायचा. पण आता कारण हातात होतं आणि त्याला पाना कुठे लावायचा ते कळेना. छायाने कोणाच्याही मागे बसायचं शिकायचं? त्याने तिच्या हिशोबाने, ती दाबेल तिथे दाबायचं? एक-दोनदा त्याने तसा प्रयत्न केला. बाजारात जाताना कानातल्या यंत्रात तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून ब्रेक लावत गेला, आणि त्या नादात एका मोटारीला मागून धडकता धडकता राहिला. तेव्हापासून छाया गाडीवर बसायचं टाळू लागली. तिला कधी पापड करायचे असायचे, कधी कोणी येणार असायचं.

एका सकाळी तो शोरूमवर गेला आणि ती राखाडी स्कूटर परत हवी आहे म्हणाला. तिथल्या मुलीला आधी तो काय मागतो आहे हेच समजेना. मग तिने चौकशी करून सांगितलं, जुन्या गाड्या सगळ्या एकदमच जातात, त्या वेळच्या मनमाडच्या एका व्यापाऱ्याने उचलल्या.

सहादू तसाच मनमाडला गेला. एकटाच. चांदवडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि त्याच्या लक्षात आलं, आपलं काहीही दुखत नाही. मनगटं नाहीत, पाठ नाही, मान नाही. वारा काचेवरून डोक्यावरून जात होता. गाडी अशी अंगाला बसली होती, जशी कुठलीच बस कधी बसली नव्हती. त्याला आनंद व्हायला हवा होता.

व्यापाऱ्याचं आवार स्टेशनच्या अलीकडे होतं. पत्र्याच्या शेडखाली जुन्या गाड्या ओळीने लावल्या होत्या. नाशिकच्या लॉटमधल्या काही अजून आहेत, बघा तुमची कुठली, असं म्हणून तो माणूस फोनवर बोलायला लागला. सहादू ओळीपुढे जाऊन उभा राहिला. राखाडी स्कूटरी चार-पाच होत्या. एकीचा आरसा तुटलेला. एकीच्या पुढच्या मडगार्डवर खरचटलेलं. एकीवर गणपतीचा स्टिकर.

छायाच्या गाडीवर स्टिकर होता का?

तो पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत गेला आणि परत आला. सीट काळी होती की तपकिरी? क्रेट ठेवून ठेवून पायाकडचा पत्रा घासला असणार. पण घासलेला तर सगळ्यांचाच होता. ही गाडी वर्षानुवर्षं त्याच्या ओट्याखाली उभी होती. पहाटे मुक्कामाहून येताना तो तिला वळसा घालून घरात शिरायचा. त्याला आपण चालवलेल्या एसटीतल्या कितीतरी गाड्यांचे नंबर अजून पाठ होते. कुठलीचा गिअर अडायचा, कुठलीची वायपरची काडी सैल होती, सगळं. फोन संपवून व्यापारी जवळ आला. नंबर सांगा, म्हणाला.

शेवटी त्याने घरी फोन लावला.

"तुझ्या गाडीचा नंबर काय होता?"

छायाने नंबर सांगितला. एका दमात, आठवावंही न लागता. मग तिने विचारलं, "कुठं हाय तुम्ही?"

"हायवेला," तो म्हणाला.

त्यातली एकही तिची नव्हती. व्यापाऱ्याने नंबर बघून सांगितलं, ती लगेचच गेली; येवल्याकडच्या कोणी नेली. कोणी ते त्याला आठवत नव्हतं. सहादूने त्याचे आभार मानले आणि आला त्या रस्त्याने परत निघाला.

संध्याकाळी जेवताना छायाने भाकरी वाढली, वरण वाढलं. तो हात धुवायला उठला तेव्हा ती म्हणाली, "नाय मिळाली ना?"

"नाय."

"तिचं हॉर्नचं बटन अडकायचं," ती ताट उचलत म्हणाली. "घेणाराला सांगायला पाह्यजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी त्याने नवी स्कूटर घ्यायचं काढलं. तिने ते उडवूनही लावलं नाही आणि उचलूनही धरलं नाही. बघू म्हणाली. आता तिला जायचं कुठे होतं? फुलबाजारात राज जात होता, पिकअप घेऊन. निकिताचं लग्न झालेलं. सासू जाऊन किती वर्षं झाली. छायाची धावपळ थांबवून आपण तिला विसावा दिला, अशी सहादूची समजूत होती. ती समजूत चुकली होती, की छायालाच आपल्याला काय हवं ते सांगता येत नव्हतं? तो उगाच गाडी धूत बसायचा. धुतलेली गाडी परत धुवायचा.

निकिताला कामाच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला राहायचं होतं. जाताना तिने आपली स्कूटर मखमलाबादला आणून लावली आणि आईला सांगितलं, मधून मधून चालू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल. त्याच आठवड्यात बहिरू कंडक्टरच्या घराची वास्तुशांत होती, त्र्यंबकला. दोघांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. सहादूने सकाळी गाडी बाहेर काढली, पुसली, छायाचं हेल्मेट मागच्या सीटवर ठेवलं. छाया आतून आली ती साडी नेसून. मोटारसायकलवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं म्हणून निकिताने शिवून आणलेला पंजाबी ड्रेस तिने घातला नव्हता. पदर खोचलेला होता. हातात निकिताच्या स्कूटरची किल्ली होती.

"बॅटरी उतरंल म्हणून," ती म्हणाली.

दोन गाड्या कशाला, हे सहादूच्या ओठांवर आलं होतं. तिने मागच्या सीटवरचं हेल्मेट उचललं, त्यातली बोलण्याच्या यंत्राची वायर ओढून काढली, ती त्याच्या हातात दिली आणि हेल्मेट डोक्यावर घातलं. पट्टा एका हाताने लावला.

"तू व्हय पुढं," सहादू म्हणाला.

बहिरूला द्यायचा समईचा खोका त्याने मागच्या जेलच्या गादीवर ठेवला, पाठीला टेकवून दोरीने बांधला, आणि तिच्या मागे निघाला.

छाया फार जोरात जात नव्हती, फार हळूही नाही. डाव्या अंगाने, एकसारखी. सहादूच्या गाडीला तो वेग सोसत नव्हता. इंजिन गुरगुरायचं, पायांना धग लागायची, आणि वारा अडवायला लावलेल्या मोठ्या काचेला अडवायला वाराच नव्हता. सातपूरच्या गर्दीत ती दोन ट्रकांमधून अशी निघून गेली की त्याला बावचळून थांबावं लागलं. तो पुढे पोहोचेपर्यंत ती कामगारांच्या बसमागे शांतपणे उभी होती, एक पाय टेकून. ब्रेक ती फार आधी लावायची. त्याला ते बघून कळत होतं, आणि तरी दर वेळी वाटायचं, एवढ्या लवकर कशाला.

महिरावणीच्या पुढे तिने अचानक दिवा दाखवला आणि गाडी बाजूला घेतली. सहादूला वाटलं काहीतरी बिघडलं. पण ती उतरली, रस्त्याकडेच्या एका वावरापाशी गेली आणि कोणाच्या तरी शेवंतीच्या रांगेपुढे उभी राहिली. वाकून एक फूल उलटं करून पाहिलं. खाली कीड आहे का ते बघत असावी. तोडलं नाही. बांधावरच्या बाईशी काहीतरी बोलली. बाईने हात करून विहिरीकडे दाखवलं, दोघी हसल्या. सहादू आपल्या गाडीवर तसाच बसून राहिला. उतरावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. तिने त्याला बोलावलंही नव्हतं आणि थांबायलाही सांगितलं नव्हतं. बोलणं संपलं तशी ती आली, गाडी चालू केली आणि निघाली.

अंजनेरीपाशी रस्त्याचं काम चालू होतं. समोरून डंपर येत होते, धूळ उडत होती. सहादूला वाटलं, आता आपण पुढे व्हावं, तिला वाट करून द्यावी. त्याने गाडी जराशी उजवीकडे घेऊन वेग वाढवला. तेवढ्यात छायाचा उजवा हात बाहेर आला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. तळवा जमिनीकडे करून तिने तो हात दोनदा खालीवर केला. मागच्या गाडीला, हळू.

तो इशारा त्याच्यासाठी होता, की मागे जे कोणी असेल त्याच्यासाठी, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने वळून पाहिलं नव्हतं. हात परत हँडलवर गेला, आणि बोटं ब्रेकवर हलकेच, न आवळता, ठेवलेली त्याला दिसली.

सहादूने गिअर उतरवला आणि तो डाव्या अंगाला, तिच्या मागे आला.